व्हॅक्यूम क्लीनर ओढत नाही तेव्हा

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूर-नांदेडच्या शिवारांत सोयाबीनची रास सुरू होते. मळणीयंत्रातून उडालेला भुसा आणि काळ्या मातीची बारीक धूळ वाऱ्याबरोबर थेट आपल्या गाद्या-पडद्यांवर येऊन बसते. नेमकी त्याच दिवसांत घराची झाडलोट निघते, माळ्यावरचा व्हॅक्यूम क्लीनर खाली उतरतो, आणि तो आवाज तेवढा करतो, ओढत मात्र काही नाही.

ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे, तिथे असे यंत्र निरुपयोगी नव्हे, अपायकारक ठरते. ब्रशाने गादीतील धूळ उसळते, पण आत ओढली जात नाही. फिल्टर फाटलेला किंवा नीट न बसलेला असेल, तर आत गेलेली सूक्ष्म धूळही मागच्या झरोक्यातून पुन्हा खोलीत येते.

दोष कोठे आहे, हे आपल्याला घरीच ओळखता येते. यंत्र चालू ठेवून लांब नळी त्याच्या तोंडापासून सोडवावी आणि तळहात तिथे धरावा. ओढ जोरकस लागली, तर यंत्र निर्दोष आहे. अडथळा नळीत किंवा ब्रशात असतो, बहुधा केसांचा गुंता किंवा कापसाचा बोळा. इथेही ओढ क्षीण असेल, तर पिशवी आणि फिल्टर पाहावेत. आवाजही बरेच सांगतो: हवेची वाट कोंडली की मोटार अधिक वेगाने फिरते आणि सूर चढतो. चढलेला सूर ऐकून यंत्र जोमात आहे असे वाटते. वस्तुस्थिती उलट असते.

पुढचे सारे काम प्लग काढूनच करावे. पिशवी अर्धी रिकामी दिसली तरी फसू नये. रांगोळी, पीठ, राख यांचे कण कापडाची छिद्रे बुजवतात. हे पदार्थ यंत्राने ओढूच नयेत. पिशवी घराबाहेर, तोंडाला रुमाल बांधून रिकामी करावी, आणि हे काम दमेकऱ्याकडे देऊ नये. स्पंजचा फिल्टर साध्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण दिवस वाळवावा. ओलसर बसवल्यास बुरशी धरते. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण तो सहसा धुण्याजोगा नसतो. माहितीपुस्तिकेत तसे म्हटले नसेल तर बदलावा.

यंत्र चालता चालता अचानक थांबले, तर मोटार तापून सुरक्षा-कळ पडलेली असू शकते. अडथळा काढून तासभर निवू द्यावे. व्होल्टेज उतरले तरी ओढ मंदावते, म्हणून संध्याकाळी बिघडलेले यंत्र सकाळी एकदा तपासावे. जळका वास आला, ठिणग्या दिसल्या, तर मात्र उघडू नये; कार्बन ब्रश बदलणे दुरुस्ती करणाऱ्याचेच काम.

तोवर धूळ ओल्या फडक्याने टिपावी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पाहिलेल्या लातूरकरांना पाण्याचे मोल सांगायला नको, पण या कामाला अर्धी बादली पुरते. सफाई चालू असताना आणि नंतरही काही वेळ दम्याच्या रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि डॉक्टरांनी दिलेला इनहेलर हाताशी असू द्यावा.