'जमणार नाही' हे ऐकून घ्यावं

आजचा विषय संगणकाच्या पोटातला आहे. पण वाचून बघा, पुढे ओळखीचंच काही सापडेल. माझा भाचा याच कामात आहे. त्याच्याशी वाद घालता घालता मी लिनक्सची कागदपत्रं चाळली आणि माझं मत पक्कं झालं.

नेटवर्क कार्ड, साउंड कार्ड, डिस्क वगैरे यंत्रं प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत माहिती लिहू शकतात. याला डीएमए म्हणतात. मेमरीतल्या प्रत्येक घराला क्रमांक असतो, तोच त्याचा पत्ता. पण हरेक यंत्राला हवा तेवढा मोठा पत्ता लिहिता येत नाही. १९८४ साली आलेल्या आयबीएम पीसी एटीमध्ये हा पत्ता २४ बिटांचा होता, म्हणजे हात पोचणार फक्त १६ एमबीपर्यंत. ३२ बिटांच्या यंत्राची झेप ४ जीबीपर्यंत.

मर्यादेबाहेरचा पत्ता दिला तर काय होतं? जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा आठवा. ९९९९९ नंतर पुन्हा सगळी शून्यं! तसाच इथे वरचा आकडा गळून पडू शकतो, आणि ५ जीबीच्या घरी जायची माहिती १ जीबीच्या घरात जाऊन पडते. तिथे दुसऱ्याच कुणाचं सामान असतं. मध्ये अडवणारं कुणी नसेल तर ओरड होत नाही, दिवा लागत नाही. कुणाचा हिशेब बिघडतो, कुणाचा फोटो, आणि कळतं ते फार उशिरा.

म्हणून लिनक्समध्ये यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, सुरुवातीलाच सांगतो, "माझ्या यंत्राला इतक्या बिटांचा पत्ता कळतो, चालेल ना?" उत्तर शून्य आलं तर होकार. दुसरं काही आलं तर नकार. नकार आला की डीएमए वापरायचं नाही. दुसरा मार्ग धरायचा, नाहीतर त्या यंत्राला हात न लावता तशी नोंद करून थांबायचं. ड्रायव्हर काहीच बोलला नाही तर ३२ बिट धरले जातात.

आता माझा आक्षेप. काही जण प्रश्न विचारतात, पण उत्तर बघतच नाहीत. वर म्हणतात, नकार कधी येतच नाही, मग दोन ओळी कशाला वाढवायच्या? फळ्याकडे तोंड करून "समजलं ना?" विचारणाऱ्या मास्तरांसारखंच हे. वर्गात कुणी मान हलवली, कुणी नाही, त्यांना पत्ता नाही!

भाच्याचं म्हणणंही पूर्ण खोटं नाही. ६४ बिटांची मागणी केली तर हल्ली नकार येत नाही, असं लिनक्सच्याच कागदपत्रांत लिहिलं आहे. तेव्हा तिथली तपासणी केवळ उपचार. मान्य. पण म्हणून २४ किंवा ३० बिटांच्या यंत्रालाही तोच न्याय लावायचा का? ड्रायव्हर एकदा लिहिला जातो आणि कुठल्या कुठल्या यंत्रांवर चालतो. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ चंच बघा. मेमरी ४ जीबीपर्यंत मिळत होती, पण तिच्यातल्या कित्येक भागांचा हात पहिल्या १ जीबीपलीकडे पोचत नव्हता. जुनी मर्यादा नव्या यंत्रात पुन्हा हजर! कुठला उपचार आणि कुठली गरज, हे ओळखायला आधी उत्तर ऐकायची सवय हवी.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. मर्यादा खरी सांगितली तर त्या यंत्राचं काही अडत नाही. लिनक्सचा गाभा त्याच्यासाठी खालच्या मेमरीत जागा काढतो, माहिती तिथे उतरवून घेतो आणि मग स्वतः उचलून वर नेतो. ज्याचा हात माळ्यावर पोचत नाही त्याने डबा ओट्यावर ठेवावा, घरातला उंच माणूस वर टाकतो, तसंच. थोडा वेळ जास्त जातो, पण डबा जागेवर जातो. घोटाळा होतो तो हात पोचत नसताना "पोचतो" म्हटल्यावर, किंवा समोरचा "नाही" म्हणत असताना तिकडे कानाडोळा केल्यावर.

अर्थात सुरुवातीला एकदा विचारून भागत नाही. पुढे प्रत्येक वेळी मेमरीतली जागा यंत्राला नेमून देताना ती खरंच मिळाली का, हेही पाहावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, कबूल. कुणी त्याबद्दल शाबासकीही देत नाही, कारण नीट केलं तर काहीच घडत नाही. पण ज्यांचे फोटो आणि हिशेब त्या मेमरीत असतात, त्यांना यातलं काही ठाऊक नसतं. त्यांच्या वतीने दोन ओळी जास्त लिहाव्यात, एवढंच माझं म्हणणं.