होय, तीन लाखांची सायकल

मुक्काम पोस्ट दिल्ली कँट. गेल्या महिन्यात नोएडाच्या अरुण विहारमध्ये एका निवृत्त कर्नलसाहेबांकडे जेवायला गेलो होतो. मूळचे साताऱ्याचे, एनडीएचे, माझ्याहून चाळीसेक कोर्स आधीचे. बोलता बोलता मी सांगून बसलो की टायटॅनियमची सायकल घेतोय, घरी येईपर्यंत तीन लाखांच्या घरात जाईल. साहेबांचा घास हातातच राहिला. "अरे, खडकवासल्याला आपण काय चालवलं? ते लोखंडी धूड! पीटीला तेच, क्लासला तेच, परेडला तेच. काही अडलं का आपलं?"

सरांच्या टेबलावर बसून सरांशी वाद घालायचा नसतो. पुरणपोळी खाल्ली आणि घरी आलो. वाद इथे घालतो.

सर, ती सायकल आपण निवडली नव्हती, ती इश्यू झाली होती. शिवाय पहिल्या टर्ममध्ये ती आपल्याला घेऊन जायची त्यापेक्षा आपणच तिला खांद्यावर घेऊन जास्त पळालो. ती टिकली याचं कारण लोखंड नव्हे. अख्ख्या अकादमीत सगळ्यांच्या सायकली एकसारख्या होत्या, एकीचा भाग दुसरीला बसायचा आणि दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता. खडकवासल्याचा धडा घ्यायचाच तर हा घ्या. मी तोच घेतलाय, आणि म्हणूनच टायटॅनियमवर आलोय.

दुसरी बाजू आहे गुडगावच्या रविवारच्या टोळीची. तिथे सायकलीचं वजन विचारतात, जणू मुलीची पत्रिका बघतायत. आठ किलोच्या आत असेल तर मान, साडेनऊ सांगितलं की सहानुभूती. कार्बनची फ्रेम, सगळ्या केबल हँडलच्या आतून गडप, गिअर बॅटरीवर. मीही त्यातलाच होतो. माझी कार्बनची सायकल दोन बदल्या जगली, तिसऱ्या बदलीत ट्रकमध्ये तिच्यावर काळी पेटी सरकली. वरच्या नळीवर केसाएवढी रेघ, बस. दुकानदाराने नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "साहब, दीवार पे टाँग दो." ज्याचा संसार दर दोन-तीन वर्षांनी ट्रकमध्ये चढतो, त्याला असं नाजूक पाखरू काय कामाचं?

आता ग्रॅव्हलच का, हेही सांगतो. डांबरी रस्त्याची आणि डोंगरातली या दोघींच्या मधली ही जात. हँडल रोडबाइकसारखं वाकडं, टायर मात्र 40-45 मिलिमीटर रुंद. माझी रविवारची वाट कँटहून वसंतकुंज, मेहरौली, मंडी गाव, ग्वाल पहाडी अशी. मग गुडगाव-फरिदाबाद रस्ता, बंधवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराचा वास नाकात घेत मांगर, आणि तिथून कच्च्या वाटेने धौजच्या बाजूला. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या भागातल्या अरवलीतलं खाणकाम थांबवलं. खाणींकडे जाणाऱ्या जुन्या वाटा उरल्यात, त्यांवर टोकदार दगड. बारीक टायर तिथे दहा मिनिटं टिकत नाही. आणि खरं सांगू का, शहरातला रस्तादेखील काही वेगळा नाही. 2008 मध्ये दिल्लीने मूलचंद ते आंबेडकर नगर बीआरटी केली, तिच्याशेजारी सायकलची स्वतंत्र मार्गिका होती. 2016 मध्ये सगळं उखडलं. त्यानंतर सायकलवाल्याच्या वाट्याला रस्त्याची कड आली. म्हणजे वाळू, झाकण नसलेलं गटार, आणि मागून हॉर्न देत येणारा डंपर. तो आला की मी सरळ डांबर सोडून मातीत उतरतो. गेल्या हिवाळ्यात धुक्यात असा उतरलो, उतरता आलं म्हणून हा लेख लिहितोय. मला रुंद टायर हवेत ते एवढ्यासाठी, सर. छंदाचा भाग त्यानंतर.

टायटॅनियमचं गणित साधं आहे. घनता साडेचारच्या आसपास, पोलादाची पावणेआठच्या वर. गंजत नाही, म्हणून रंग लागत नाही. रंगच नाही तर ओरखड्याचं दुःखही नाही. पोर्ट ब्लेअरची खारी हवा असो की जैसलमेरची वाळू, तिला फरक पडत नाही. पेटी सरकली तर फार तर पोचा पडेल.

यात मध्यम किमतीचीच का? दहा हजार डॉलरच्या सायकलीत पैसा नळ्यांच्या जाडीत जातो. टोकाला जाड, मध्ये पातळ, वर आकार दिलेल्या. त्याने दोन-तीनशे ग्रॅम वाचतात. माझ्या पोटावरच चार किलो जास्तीचे आहेत, तिथे हे ग्रॅम मोजायला मला लाज वाटते. अडीच-तीन हजार डॉलरच्या सायकलीत बहुधा साधी, सरळ, एकाच जाडीची नळी मिळते. मिश्रधातू नेहमीचाच, तीन टक्के ॲल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम. फौजी वापराला जाड नळी गैरसोय नाही, सोय आहे.

साहेबांचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. लोखंडी फ्रेम तुटली तर कुठल्याही गावात वेल्डर सापडतो. टायटॅनियमचं वेल्डिंग आर्गॉन वायूच्या आच्छादनाखाली करावं लागतं, नाहीतर तापलेला धातू हवा शोषून ठिसूळ होतो. मांगरच्या ट्रॅक्टरवाल्याचं ते काम नव्हे. फ्रेम तुटली तर ती मूळ कारखान्यातच जाईल. ही जोखीम मी डोळे उघडे ठेवून घेतोय.

म्हणूनच फ्रेमशिवाय बाकी सगळं झंडेवालानच्या सायकल मार्केटमध्ये मिळेल असंच हवं. बॉटम ब्रॅकेट आट्यांचं, दाबून बसवलेलं नको. केबल बाहेरून. सीटपोस्ट 27.2 मिलिमीटरचा गोल. गिअर केबलवर चालणारे, बॅटरी नको. लेहच्या थंडीत चार्जर शोधत फिरायची हौस मला नाही. विक्रेते नेमकं उलटं करतात: फ्रेम हलकीसलकी, गिअर झगझगीत, कारण गिऱ्हाईक गिअरचं नाव वाचतं. गिअर पाच वर्षांत झिजतील, बदलता येतील. फ्रेम माझ्यासोबत निवृत्त व्हायची आहे.

बायकोचा प्रश्न साहेबांपेक्षा अवघड होता. "लडाखमध्ये दोन टेन्युअर काढलेस, आणि सायकल चीनची आणणार?" मध्यम किमतीच्या कितीतरी टायटॅनियम फ्रेम, वर नाव कुणाचंही असो, चिनी कारखान्यांत जोडल्या जातात. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि नंतर राग आला तो चीनचा नव्हे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे टायटॅनियमचं खनिज. केरळात चवऱ्याला 2011 पासून टायटॅनियम स्पंजचा कारखाना आहे, तंत्रज्ञान डीआरडीओच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेचं. हैदराबादलाच मिधानी टायटॅनियमचे मिश्रधातू बनवते. आणि सायकली बनवायला लुधियाना आहे. रॉकेटसाठी जमतं, विमानासाठी जमतं, मग सायकलीच्या तीन मीटर नळीपाशी घोडं कुठे पेंड खातं? साहेब, "तुला कशाला हवी" हा आपला प्रश्नच त्याचं अर्धं उत्तर आहे. भारतीय माणसाने सायकलीवर पैसे खर्चायचे नसतात, असं आपणच ठरवून टाकलंय. लुधियाना तरी कुणासाठी बनवणार? मोटारीला पंधरा लाख घातले तर पेढे मागतात, सायकलीला तीन घातले तर डॉक्टर सुचवतात.

शेवटी अमेरिकेत टेनेसीमधल्या चॅटनूगा गावी लिन्स्की कुटुंबाच्या कारखान्यात वेल्ड झालेली फ्रेम ठरवली. हे कुटुंब 1980च्या दशकापासून याच कामात आहे. सीमाशुल्क आणि कर धरून हिशेब बायकोसमोर मांडला. मोटार अजून चार वर्षं बदलायची नाही, हे त्यातच लिहिलं होतं. तिने कागद दोनदा वाचला आणि दोन अटी घातल्या. मागचा लाल दिवा भर उन्हातही चालू ठेवायचा. आणि रविवारी साडेआठला घरात. आठ पस्तीस झाले तर ती फोन करणार नाही, सरळ गाडी काढून मांगरच्या रस्त्याला लागणार.

फ्रेम अजून कस्टममध्ये आहे. सीटपोस्ट ॲल्युमिनियमचा, तो टायटॅनियममध्ये कालांतराने जाम होतो. म्हणून ग्रीसची ट्यूब आधीच आणून ठेवलीय.