कार्यक्रम कधी?

सतार शिकायला लागून मला सात वर्षं झाली. अजूनही कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘मग, कार्यक्रम कधी?’

मैत्रिणींनो, कार्यक्रम नाहीच! वयाच्या ४२व्या वर्षी मिरजेहून सतार आणली. पहिले सहा महिने उजव्या तर्जनीत नखी घालून नुसतं ‘दा रा’. डाव्या हाताची बोटं तारेनं सोलवटलेली. भांडी घासताना अशी झोंबायची! आता तिथं घट्टे पडलेत. तरी षड्जावरून तार खेचून गंधार गाठताना सूर अजून उतरतोच.

नवऱ्याच्या पत्त्यांच्या डावाला कुणी ‘पुढे काय?’ विचारत नाही. बाईनं अर्धा तास स्वतःसाठी काढला, की त्याचा हिशेब मात्र द्यायचा. सूरबहारवर विलक्षण हुकमत असलेल्या अन्नपूर्णादेवींनी तर जाहीर वादन कधीच सोडलं होतं. २०१८ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या वादनाला म्हणून कुणी कमी लेखतं का? आपली बरोबरी नाही हो, पण आधार वाटतो.

काल सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, ‘आत्ताचा बरा वाजला गं.’ कोणता, ते त्यांना सांगता येईना. मी पुन्हा तीच तार खेचली.