रंधायंत्रावरील गार्ड

घरी दारे-खिडक्या बसविताना सुतारास रंधा मारताना आपण पाहिले असेल. हातरंध्याचे पाते ठोकळ्याच्या पोटात दडलेले असते आणि कारागिराचे दोन्ही हात त्या ठोकळ्यावर असतात. यंत्ररंध्यावर हा क्रम उलटतो. तेथे पाती पोलादी मेजाच्या फटीत मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतात, आणि हात लाकडाबरोबर त्यांच्याकडे सरकत जातात. वेगामुळे पाती दिसत नाहीत. दिसते ती केवळ एक संथ चकाकी. मध्येच गाठ आली किंवा तुकडा आखूड असला, तर लाकूड एकाएकी मागे फेकले जाते आणि त्यावर भार दिलेला हात उघड्या फटीवर पडतो.

म्हणूनच त्या फटीवर पुलासारखी एक पट्टी बसविलेली असते. तिला कारागीर गार्ड म्हणतात. फळीचा रुंद पृष्ठभाग तासावयाचा असल्यास पट्टी फळीच्या जाडीपुरतीच उचलावी, फळी तिच्याखालून जाऊ द्यावी, आणि हात मात्र पट्टीवरून उचलून पलीकडे न्यावे. कड तासावयाची असल्यास पट्टी मेजालगत उतरवून फळीच्या अंगाशी आणावी. आखूड तुकड्यास हात न लावता तो लाकडी ढकलणीने सारावा. लाकूड बदलले की पट्टीही पुन्हा लावावी लागते, आणि घोटाळा होतो तो नेमका येथेच. कंटाळून कोणी ती एकदाच उंच करून ठेवतो, कोणी काढून खिळ्यास टांगतो. या दोहोंत उंच ठेवलेली पट्टी मला अधिक घातक वाटते. ती जागेवर असल्याचे समाधान देते आणि हाताला वाटही मोकळी ठेवते.

‘गार्ड शिकाऊ पोरांकरिता, आमचा हात बसलेला आहे,’ असे एका वयोवृद्ध मिस्त्रींनी मला सांगितले होते. सांगताना ज्या हाताने त्यांनी चहाचा पेला उचलला, त्यास तर्जनी नव्हती. त्यांच्या कसबाविषयी मला आदर आहे, परंतु त्यांचे म्हणणे मान्य नाही. नवखा भितो म्हणून जपतो. बसलेला हात विचार न करता चालतो, आणि लाकडाच्या पोटातील गाठ अनुभवी डोळ्यासही दिसत नाही.

ब्रिटनमध्ये १९२२ साली लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र नियम झाले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राचे धोक्याचे भाग झाकण्याचे बंधन मालकावर घातले, व बुद्ध्या आवरणाशी खेळ करणाऱ्या कामगारासही दोषी धरले. परंतु दहांहून कमी माणसांची दुकाने सामान्यतः त्या कायद्याबाहेरच राहिली, आणि आपल्या घरची दारे बहुधा अशाच दुकानांत घडतात.

तेव्हा पालकांस माझी विनंती आहे. मुलास सुतारीच्या दुकानी धाडताना वेतनाबरोबर गार्डचीही चौकशी करावी. स्वतः काम देताना ‘उद्याच पाहिजे’ हा धोशा लावू नये. पट्टी खिळ्यास टांगली जाते ती पुष्कळदा आपल्याच घाईपायी. दार चार दिवस उशिरा आले तरी चालेल; पावसाळ्यापूर्वी बसले म्हणजे झाले.