570 शब्द आणि एक कोयता

स्पर्धा परीक्षांच्या आणि आयईएलटीएसच्या क्लासमधून मिळणाऱ्या शब्दपुस्तिका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. समाज, उद्योग, सार्वजनिक आरोग्य असे विषयवार भाग, त्यांत इंग्रजी शब्द आणि समोर मराठी अर्थ. विद्यार्थी ते पाठ करतात आणि मग एकाच परिच्छेदात ‘प्लेथोरा’, ‘डेट्रिमेंटल’ आणि ‘युबिक्विटस’ शेजारी शेजारी येऊन बसतात. निबंधाची सुरुवात मात्र ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’नेच होते. क्लासवाल्यांना हसणे सोपे आहे. आपल्या वर्गातले शब्दांचे काम तरी याहून फार वेगळे असते का? धडा, धड्याखालची शब्दार्थांची चौकट, समानार्थी, विरुद्धार्थी, झाले.

यादी हे साधन टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. मायकेल वेस्ट यांची 1953 ची सुमारे दोन हजार शब्दकुलांची यादी आणि न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेली 570 शब्दकुलांची ‘अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट’ यांनी शिक्षकांचे बरेच कष्ट वाचवले. पण कॉक्सहेड यांच्याच मोजणीनुसार या दोन्ही याद्या मिळून अभ्यासपर मजकुरातले सुमारे 86 टक्के शब्द येतात. म्हणजे साधारण दर सातवा शब्द दोन्हींबाहेरचा. शिवाय त्यांनी मजकूर निवडला तो कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान या चार शाखांतला. वैद्यकाला त्यात वेगळी जागा नव्हती. त्यामुळे ‘इन्सिडन्स’ हा शब्द त्या यादीत सापडतो, पण आरोग्याच्या कोणत्याही अहवालात त्याच्या जोडीने येणारा ‘प्रिव्हलन्स’ सापडत नाही. वैद्यकासाठी वेगळी यादी 2008 मध्ये आली, 623 शब्दकुलांची. एकेका यादीने हे काम संपणार नाही, हे यावरून दिसतेच.

आपल्या विद्यार्थ्याची खरी अडचण अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांची आहे. ‘सोसायटी’ म्हटले की मुंबई-पुण्याच्या मुलाला मेंटेनन्स आणि पार्किंग आठवते, गावाकडच्या मुलाला पीककर्ज देणारी विकास सोसायटी. दोघेही निबंधात ‘द सोसायटी’ लिहितात, कारण त्यांच्या डोक्यातली सोसायटी मोजता येते, तिची निवडणूकही होते. ‘दोन लेबर लावा’ हे वाक्य रोज कानावर पडणारा मुलगा ‘टू लेबर्स’ लिहिणारच. ‘इंडस्ट्री’ म्हणजे धुराडे, हे शाळेतल्या चित्रांनी पक्के केलेले असते. मग ‘इंडस्ट्री-फंडेड रिसर्च’ म्हणजे कंपन्यांच्या पैशाने झालेले संशोधन, हे त्याला कसे कळावे? हे शब्द मराठीत येऊन इतके रुळले आहेत की विद्यार्थी ते शब्दकोशात बघत नाही, आणि आपणही फळ्यावर लिहीत नाही.

आमची सूचना अशी आहे. समाज, उद्योग आणि आरोग्य या तीन विषयांचे तीन भाग करू नका. हे तिन्ही जिथे एकत्र येतात असा एकच प्रश्न घ्या, विद्यार्थ्याला मराठीतून आधीच माहीत असलेला, आणि पाच-सहा आठवडे त्यावरच वाचा, लिहा. एकाच विषयावरचे चार-पाच मजकूर ओळीने वाचले की तेच शब्द वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा भेटतात. शब्द पक्का व्हायला हे भेटणे लागते. मराठवाड्यातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या महाविद्यालयासाठी ऊसतोडीइतका भरलेला दुसरा विषय आम्हाला सुचत नाही. सहकारी साखर कारखाना, मुकादम, उचल, हंगामी स्थलांतर, शाळा सुटलेली मुले, फडातले बाळंतपण, आणि बीडमधल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये काढण्याचा प्रश्न, ज्यासाठी राज्य सरकारने 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. शिवाय कारखान्यापाशी साठवलेल्या बगॅसच्या बुरशी आलेल्या भुशामुळे होणारा ‘बगॅसोसिस’ हा फुफ्फुसाचा आजार आहेच. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातही व्यवसायजन्य रोगांमध्ये त्याचे नाव होते. ‘ऑक्युपेशनल’ हा शब्द शिकवायला यापेक्षा जवळचे उदाहरण कुठले?

नवरा-बायको मिळून एक कोयता, ही मजुरीची मोजणी वर्गातल्या अनेकांना सांगावी लागणार नाही. इंग्रजी अहवालांनाही ती ‘कोयता’ म्हणूनच तिरप्या अक्षरांत छापावी लागते आणि खाली खुलासा द्यावा लागतो. तो खुलासा दोन वाक्यांत इंग्रजीत लिहायला सांगा. ‘युनिट’, ‘वेज’, ‘अ‍ॅडव्हान्स’, ‘काँट्रॅक्टर’ हे शब्द तिथे गरज म्हणून येतात.

आता मघाची जोडी. वर्तमानपत्रातले ‘रुग्णांचे प्रमाण वाढले’ हे वाक्य ‘इन्सिडन्स’लाही लागू पडते आणि ‘प्रिव्हलन्स’लाही. इंग्रजीत मात्र दोन्हींचा हिशेब वेगळा: ठरावीक काळात नव्याने किती जणांना आजार झाला हा एक, आणि एकूण किती जण तो घेऊन जगत आहेत हा दुसरा. एचआयव्हीवरचे उपचार चांगले मिळू लागले की माणसे अधिक जगतात. नवी लागण घटूनही ‘प्रिव्हलन्स’ वाढू शकतो. हा फरक न कळलेला विद्यार्थी उपचारांचे यश वाचून अपयश म्हणून उत्तर लिहितो. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या सुमारे 3 टक्के स्त्रियांनी गर्भाशय काढल्याचे सांगितले. हा आकडा यातला कोणता? वर्गाला वाद घालू द्या. एक तास गेला तरी चालेल.

क्रियापदांकडे तर आपले लक्षच नसते. ‘हिस्टरेक्टमी’ पाठ झालेली मुलगी ‘विमेन रिमूव्ह्ड देअर युटेरस’ लिहून जाते. तिला नाम मिळाले, ‘अंडरगो’ मिळाले नाही. तसेच कर्जाला ‘इन्कर’, उपचाराला ‘सीक’, खर्चाला ‘बेअर’. नाम नेहमी त्याच्या क्रियापदासकट वहीत उतरवायची सवय लावली तर निम्मे लाल शेरे वाचतील. आणि ‘अंडरवेंट’ हे क्रियापद काय झाकते, तेही विचारावे. शस्त्रक्रिया कोणी सुचवली, पैसे कोणाच्या उचलीतून गेले, पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड कोणी लावला, हे सगळे त्या वाक्यातून गळून जाते. अभ्यासपर इंग्रजीचा हा स्वभाव ओळखणे हेही शब्दसंग्रहाचेच काम आहे.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. बाकावर बसलेल्यांपैकी कोणाची आई फडात असेल. घरची हकीकत वर्गात सांगायला लावू नये. छापील अहवाल, कायदा, तक्ते, बातम्या यांवरच काम व्हावे. कोणी आपणहून बोलले तर ऐकावे, त्याचे व्याकरण सुधारायला धावू नये. ज्यांना हा विषय जड वाटेल त्यांनी इचलकरंजीचे यंत्रमाग घ्यावेत, मुंबईतल्यांनी सफाई कामगार किंवा गिरण्यांतल्या कापसाच्या धुळीचा ‘बिसिनोसिस’ घ्यावा, ज्यात सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरून येते.

‘पोर्शन कोण पूर्ण करणार?’ हा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे. ऐंशी मुलांच्या वर्गात, ठरलेल्या तासिकांत, ठरलेल्या पुस्तकावर ही चैन वाटते. परंतु पोर्शन प्रश्नपत्रिकेवरून ठरतो, आणि प्रश्नपत्रिका आपल्यातलेच काही जण काढतात. समानार्थी शब्दांच्या चार गुणांऐवजी एक लहान तक्ता छापून त्यावर तीन वाक्ये मागता येतील, त्यांत एक वाक्य तुलनेचे आणि एक कारण सुचवणारे, पण ठामपणे न सांगणारे. ‘इज असोसिएटेड विथ’ आणि ‘कॉजेस’ यांतला फरक विद्यार्थ्याला येतो की नाही, ते तिथे लगेच उघड होईल. अभ्यास मंडळांवर असलेल्या वाचकांनी असे नमुना प्रश्न तयार करून आमच्याकडे पाठवावेत. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी चार पाने राखून ठेवली आहेत.