परिच्छेद आणि शिक्षक

चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) या कादंबरीचा शेवट साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. ओकोन्क्वोच्या मृत्यूनंतर ब्रिटिश जिल्हाधिकारी आपल्या नियोजित ग्रंथाचा विचार करू लागतो. या माणसावर जवळजवळ एक प्रकरण लिहिता येईल, असे त्याला क्षणभर वाटते. मग एक बऱ्यापैकी परिच्छेद पुरेल, असे तो ठरवतो. ज्याच्यासोबत आपण सबंध कादंबरीभर वावरलो, त्याची अशी वासलात लागलेली पाहून वाचक अस्वस्थ होतो. परंतु शालेय पाठ्यपुस्तक तरी दुसरे काय करू शकते? जगातील प्रत्येक समाजाला त्यात एक परिच्छेद मिळतो, फार तर एक धडा. हा अपुरेपणा पाठ्यपुस्तकाच्या स्वरूपातच आहे. तो परिच्छेद उघडून दाखवणे हे वर्गातील शिक्षकाचे काम, आणि शिक्षकाला त्यासाठी समर्थ करणे हे विद्यापीठाचे काम होय, असे आमचे मत आहे.

या संदर्भात अमेरिकेतील विद्यापीठांचा अनुभव पाहण्याजोगा आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुतनिक अवकाशात सोडला आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे अचेबेंची कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, अमेरिकेत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत झाला. त्याच्या सहाव्या भागान्वये परकीय भाषा आणि जगातील विविध प्रदेश यांच्या अभ्यासकेंद्रांना सरकारी अनुदान मिळू लागले. हेतू उघडपणे सामरिक होता. दक्षिण आशियापुरते बोलायचे तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी १९४८ मध्येच या प्रदेशाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग सुरू केला होता; नव्या कायद्याने अशा प्रयत्नांना बळ मिळाले. पुढे १९६२ पासून 'पीएल ४८०' योजनेखाली गव्हाच्या मोबदल्यात साठलेल्या रुपयांतून भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकी ग्रंथालयांत पाठवली जाऊ लागली. मराठी पुस्तके तिकडच्या विद्यापीठांत मोठ्या संख्येने पोहोचली ती या वाटेने.

या केंद्रांवर १९७० च्या दशकात आणखी एक जबाबदारी आली: आपले ज्ञान विद्यापीठाबाहेर, विशेषतः शाळांपर्यंत नेण्याची. आपल्याकडे बहिःशाल शिक्षण म्हणतात, त्याचाच हा एक प्रकार. संशोधनाच्या मानाने हे काम दुय्यम समजले गेले. प्राध्यापकांच्या बढतीत त्याचे वजन कधी फारसे नव्हते. तरीही त्यातून जे उभे राहिले ते लक्षणीय आहे. बोस्टन विद्यापीठाच्या आफ्रिका अभ्यासकेंद्राने शाळांसाठी एक भित्तिचित्र तयार केले. त्यात आफ्रिकेच्या नकाशात चीन, अमेरिका, भारत, युरोप असे भूभाग एकाशेजारी एक बसवून दाखवले आहेत. मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीच्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे आणि तिच्यात भारतासारखे नऊ देश मावतील. ज्या मुलाने हे चित्र पाहिले, त्याला 'आफ्रिकेतील लोक' असे सरसकट विधान करताना एकदा तरी थांबावे लागेल.

पुस्तकांच्या बाबतीतही असेच घडले. आफ्रिकेविषयीच्या उत्तम बालपुस्तकांसाठी तेथील आफ्रिका अभ्यास संघटनेच्या विस्तारकार्य मंडळाने १९९१ मध्ये पुरस्कार स्थापन केला; लॅटिन अमेरिका, पश्चिम आशिया, दक्षिण आशिया यांच्याविषयीच्या पुस्तकांसाठीही असे पुरस्कार पुढे आले. पूर्व आशियासाठी १९९८ मध्ये एका खाजगी प्रतिष्ठानच्या साहाय्याने अनेक विद्यापीठांची जोडणी झाली आणि शिक्षकांसाठी तीस-तीस तासांची अभ्याससत्रे सुरू झाली. आम्हांला या तीस तासांचे मोल अधिक वाटते. केंद्रांकडून शाळांना उसन्या दिल्या जाणाऱ्या पेट्यांत वस्त्रे, नाणी, वाद्ये, मुखवटे असतात. मुलांना त्या आवडतात, परंतु पेटीतून संस्कृती बाहेर काढली की ती सण, पोशाख आणि खाद्यपदार्थ एवढीच उरण्याचा धोका असतो. उमुओफिया हे गाव 'आफ्रिकेतील' म्हणून शिकवायचे, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या इग्बो समाजातले म्हणून, हा विवेक पेटीतून येत नाही. त्यासाठी शिक्षकाने स्वतः वाचलेले असावे लागते, आणि जाणकारासमोर बसून शंका विचारण्याची संधी त्याला मिळालेली असावी लागते.

हे दुर्लक्षिले गेले की काय होते, ते कॅलिफोर्नियात दिसले. तेथे सहावीच्या वर्गाला प्राचीन भारत शिकवतात. २००५ साली नव्या पाठ्यपुस्तकांच्या निवडीच्या वेळी काही हिंदू संघटनांनी मजकुरात अनेक बदल सुचवले. हार्वर्डचे मायकेल विट्झेल आणि इतर अभ्यासकांनी त्यांपैकी अनेकांना हरकत घेतली. जात आणि अस्पृश्यता यांचे उल्लेख सौम्य करण्यास दलित संघटनांनी विरोध केला. मार्च २००६ मध्ये राज्य शिक्षण मंडळाने वादग्रस्त बदलांपैकी बरेचसे फेटाळले. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, तोच वाद पुन्हा उभा राहिला.

या वादात दोन्हीकडची वेदना खरी होती, हे मान्य करायला हवे. परक्या देशात वाढणाऱ्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आपला धर्म वर्गात केवळ जातिभेदाच्या रूपाने भेटावा, हे त्याच्या पालकांना लागणारच. आणि ज्यांच्या पूर्वजांनी गावकुसाबाहेरचे जिणे भोगले, त्यांच्या इतिहासावर पांघरूण घालणे हा तर उघड अन्याय. या दुसऱ्या प्रश्नावर आमची भूमिका निःसंदिग्ध आहे: उल्लेख राहिलाच पाहिजे. परंतु सगळी शक्ती परिच्छेदातील शब्दांवर खर्च झाली. तो परिच्छेद ज्याला शिकवायचा होता, त्या शिक्षकाच्या हाती काय दिले, हा प्रश्न मागेच राहिला.

वास्तविक देण्यासारखे पुष्कळ होते, आणि त्यातले बरेच मराठीतून गेलेले होते. मिनेसोटातील कार्लटन महाविद्यालयात एलिनॉर झेलियट यांनी १९६९ पासून जवळजवळ तीन दशके अध्यापन केले. आंबेडकरी चळवळीचा इतिहास आणि दलित कविता इंग्रजी वाचकांपर्यंत नेण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेले 'पॉयझन्ड ब्रेड' हे मराठी दलित साहित्याचे इंग्रजी संकलन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील एखादी कविता आणि तिच्याशेजारी तुकोबांचा एखादा अभंग ठेवून शिकवणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात अभिमान की अन्याय, असा पेच पडणार नाही. परंपरेचा आपल्याच आत चाललेला वाद मुलांना तिथे ऐकू येईल. मुलांना हे झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांचा मुलांवर विश्वास कमी असतो.

आज ही चर्चा करण्याचे कारण आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्यात कर्मचारीकपात झाली, तेव्हा या अनुदानांचे काम पाहणारे कार्यालय जवळजवळ रिकामे झाले. त्याच वर्षी केंद्रांचे पुढचे अनुदानही थांबवण्यात आले. सामरिक गरजेतून आलेला पैसा धोरण बदलताच आटणार, हे त्याच्या उगमातच होते. संशोधन इतर निधींवर तग धरू शकेल. शाळांसाठीचे काम मात्र विद्यापीठाच्या प्रतिष्ठेच्या हिशेबात कधी आलेच नव्हते. म्हणून ते वाचवण्यासाठी प्राध्यापकवर्गातून उठणारा आवाजही क्षीणच असणार.

आणि हा हिशेब आमचाही आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आम्ही मराठीचे अध्यापक तौलनिक साहित्याची चर्चासत्रे भरवतो, अनुवादमीमांसेवर निबंध वाचतो; शेजारच्या शाळेत आठवीला एखादा अनुवादित पाठ शिकवणारी शिक्षिका त्या सभागृहात नसते. मूळ लेखक कोणत्या भाषेचा, पाठ त्या भाषेतून थेट आला की इंग्रजीमार्गे, त्यातले गाव कुठले, हे सांगायला वर्षातून एक दिवस आणि चार अध्यापक पुरेत. त्यासाठी कोणाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. बहिःशाल व्याख्यानमालांची परंपरा आपल्याकडे आहेच; तिच्यातील एक सत्र शिक्षकांसाठी राखून ठेवण्याचा ठराव येत्या वर्षी प्रत्येक मराठी विभागाने करावा, अशी आमची सूचना आहे.