संघाची जर्सी छापून घेताना

स्पर्धेचे दिवस जवळ आले की वस्तीतल्या कबड्डी संघांची नव्या जर्सीसाठी धावपळ सुरू होते. दुकानदार सब्लिमेशन, स्क्रीन प्रिंट, डीटीएफ, स्टिकर अशी नावे भराभर सांगतो आणि पोरे त्यातली सर्वांत स्वस्त छपाई सांगून मोकळी होतात. पण ही वर्गणी असते कुणाची? नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या मजुराची, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची. तो पैसा दोन धुण्यांत पापुद्रे होऊन निघून जाऊ नये, म्हणून आजचे सदर आम्ही या विषयाला दिले आहे.

आमचे पहिले सांगणे असे, की भाव विचारण्याआधी कापड विचारा. शिवणीतला एक धागा काढून जपून पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो; पॉलिस्टरचा वितळून त्याची कडक गुठळी होते. छपाई कोणती चालेल हे यावरच ठरते.

खेळायच्या जर्सीला आमच्या मते सब्लिमेशनच घ्यावे. यात नक्षी आधी कागदावर छापतात आणि तो कागद कापडावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेने दाबतात. शाईची वाफ होऊन रंग धाग्याच्या आत शिरतो. कापडावर थर बसतच नाही, मग सोलून निघणार काय? कबड्डीत पकडीत सापडलेल्या गड्याची जर्सी चारी बाजूंनी ओढली जाते. थराची छपाई तिथे तडकते, ही तडकत नाही. घामही अडत नाही. शिवाय प्रत्येक जर्सीवर वेगळा नंबर घालायला वेगळा साचा लागत नाही. पण हे काम पॉलिस्टरवरच होते, सुती कपड्यावर केले तर रंग धुऊन जातो. आणि सब्लिमेशनच्या शाईत पांढरा रंग नसतो. पांढरे दिसते ते मुळातले कापड. म्हणून बाजारातून तयार निळा टी-शर्ट आणून त्यावर पांढरी अक्षरे या पद्धतीने उमटत नाहीत. पांढऱ्या कापडावरच निळा रंग छापून मग जर्सी शिवावी लागते.

स्क्रीन प्रिंट ही आपल्या ओळखीची जुनी पद्धत. दर रंगाला वेगळी स्क्रीन करावी लागते, तो खर्च १२ जर्सींना जड जातो. मात्र कार्यकर्त्यांसाठी एका रंगात शंभर-दीडशे सुती टी-शर्ट हवे असतील, तर यासारखी स्वस्त आणि टिकाऊ छपाई नाही. लाल किंवा गडद पॉलिस्टरवर करायची असेल तर पॉलिस्टरची वेगळी शाई मागावी, नाहीतर कापडाचा रंग वर चढून पांढरी अक्षरे गुलाबी दिसू लागतात.

डीटीएफमध्ये फिल्मवर छापून, गोंदाची पूड लावून, ते चित्र कपड्यावर दाबतात. कोणत्याही कापडावर, एकच नग असला तरी होते. स्टिकर म्हणजे कापून चिकटवलेले विनाइल. दोन्ही नंबरापुरती ठीक. छातीभर चित्र केले तर अंगावर प्लास्टिक बांधल्यासारखे होते आणि घाम आत कोंडतो. आपल्या घरी कपडे दगडावर ब्रशने घासतात, त्याने कडा सुटतात. वरून इस्त्री फिरली तर छपाईच बिघडते. असे कपडे उलटे करून थंड पाण्यात, हाताने चोळून धुवावेत. भरतकाम पातळ कापडाला चुण्या पाडते, ते खेळाच्या कपड्यावर नकोच.

छातीवर बाबासाहेबांचे चित्र घालावे अशी पोरांची हौस असते. जी जर्सी मातीत लोळणार, ओढाताणीत फाटणार, तिच्यावर ते चित्र नसावे असे आम्हांला वाटते. ते मंडळाच्या फलकावर शोभते. जर्सीवर मंडळाचे नाव पुरे. खेळाडूचे नावही शक्यतो घालू नये, नंबर घालावा, म्हणजे पुढच्या वर्षी तीच जर्सी दुसऱ्याला देता येते. नंबर मात्र कबड्डीच्या नियमाप्रमाणे पुढे किमान ४ इंच आणि पाठीवर किमान ६ इंच हवा. लहान काढला तर पंच हरकत घेतील.

मुलींच्या संघाला मुलांच्या जुन्या जर्सी देण्याची रीत काही ठिकाणी अजून आहे, ती आम्हांला पसंत नाही. त्यांची मापे वेगळी घ्यावीत आणि कापड जाड घ्यावे. नमुन्याच्या आत हात घालून उजेडात धरावे. बोटे दिसली तर ते कापड नको.

पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. आधी एक नग मागून तो ताणून, नखाने खरवडून, तीन वेळा धुऊन पाहावा (ते धुणे पोरांनी करावे, आईवर टाकू नये). ठीक वाटला तर बाकीच्या जर्सी सांगाव्यात आणि त्यात मोठ्या मापाची एक जादा, बिननंबरची, घ्यावी. ऐन स्पर्धेत एखादी फाटली तर तिच्यावर डीटीएफने तोच नंबर मारून घेता येतो.